समुद्र गंजवणाऱ्यांच्या मुलखात

पहिला दिवस : पर्थ ते सर्व्हांतेस

ताईने आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं आणि मला हौस जीवशास्त्राची. त्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाचा हा दौरा आखायला बसलो तेव्हा "दगड बघायला जायचं की जीव बघायला" यावर दोन-तीन संध्याकाळी वाद झाला. मग दोघांनी आपापल्या याद्या काढल्या, तर त्यात ठिकाणं तीच! वाद तिथे थांबायला हवा होता. तो थांबला नाही, उलट गाडीत बसून आमच्याबरोबर आला.

पर्थहून उत्तरेला साधारण २०० किलोमीटरवर सर्व्हांतेस नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळ नांबुंग राष्ट्रीय उद्यानात पिनॅकल्स आहेत: पिवळ्या वाळूत उभे असलेले हजारो चुनखडीचे सुळके, काही कमरेइतके, तर काही साडेतीन मीटरपर्यंत उंच. हा सगळा चुना शिंपल्यांचा. समुद्रातल्या कवचधारी जीवांचा भुगा किनाऱ्यावर आला, वाऱ्याने त्याच्या टेकड्या केल्या, पावसाने त्यातला चुना विरघळवून खाली नेला आणि तिथे वाळूचे कण एकमेकांना चिकटले. मग सुळके असे सुटे कसे झाले? यावर अजून एकमत नाही. वर उगवलेल्या झाडांच्या मुळांनी पाण्याला खाली जायच्या वाटा करून दिल्या, हे अनेक उत्तरांपैकी एक. ताईने सुळक्यावर थाप मारून "चुनखडक" म्हटलं, मी "शिंपले" म्हटलं. आमच्या वादाची एकूण पातळी ही अशी होती.

संध्याकाळी थेटिस तळ्यावर गेलो. काठाजवळच्या उथळ पाण्यात गोल, चपटे, मधे भेगाळलेले दगड दिसतात. त्यांना थ्रॉम्बोलाइट म्हणतात. सूक्ष्मजीवांनी घडवलेले हे दगड आतून थरांचे नसून गुठळ्यांचे असतात. ते नीट समजून घ्यायची जागा पुढे हॅमेलिन पूल या उथळ खाडीवर होती, म्हणून इथे फार थांबलो नाही.

दुसरा दिवस : डेनहॅमकडे

दिवसभर गाडी. ऑगस्ट असल्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानफुलांचे पांढरे-पिवळे पट्टे होते. जेरल्डटननंतर झाडं बुटकी होत गेली आणि समोरून येणारे तीन-तीन डबे जोडलेले ट्रक तेवढे अंगावर येत राहिले. ओव्हरलँडरच्या फाट्यावरून डावीकडे वळलं की शार्क बे हा खाड्यांचा मुलूख सुरू होतो. १९९१ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

उन्हं कलायच्या आत शेल बीचला पोचलो. लांबून पांढरी वाळू वाटते, पण पायाखाली वाळूचा एक कणही नाही. सगळे शिंपले, तेही नखाएवढे आणि एकाच जातीचे. *फ्रॅगम इरुगेटम* हे त्या कॉकल-शिंपल्याचं शास्त्रीय नाव. किनारा असा किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेला आहे आणि काही ठिकाणी शिंपल्यांचा थर कित्येक मीटर जाड आहे. मी कोपरापर्यंत हात खुपसून पाहिला, आतही तेच.

एकाच जातीचं एवढं राज्य का? कारण या खाडीतलं पाणी साध्या समुद्राहून कितीतरी जास्त खारट आहे. या शिंपल्याला खाणारे, त्याच्याशी जागेसाठी भांडणारे बहुतेक प्राणी इथे टिकत नाहीत. हा टिकतो, भरपूर वाढतो, मरतो आणि कवच किनाऱ्यावर टाकतो. किनाऱ्यापासून थोडं मागे गेलं की पावसाने चुना विरघळून शिंपले एकमेकांना इतके घट्ट चिकटलेत की त्यांचा दगड झालाय. पूर्वी करवतीने त्याच्या विटा कापत. डेनहॅममधल्या काही जुन्या इमारती त्याच विटांच्या आहेत. बांधकामाचा दगड, किनारा आणि प्राणी या तिन्हीतला फरक इथे फक्त वयाचा आहे.

"पण पाणी इतकं खारट झालंच कशामुळे?" मी विचारलं.

"उद्या सांगते," ताई म्हणाली. वर्गात तास संपता संपता ती हेच म्हणत असणार.

तिसरा दिवस : हॅमेलिन पूल

या प्रवासातलं एकच ठिकाण निवड असं कुणी म्हटलं तर मी हेच निवडेन, पण सोबत हेही सांगेन की इथे बघण्यासारखं फार काही दिसत नाही. उथळ, निश्चल पाणी. त्यात गुडघ्याएवढे, काळपट, बुरसटलेल्या उशांसारखे दगड. वास थोडा कुजका. २०२१ च्या एप्रिलमध्ये सेरोजा चक्रीवादळाने इथला पाण्यावरून जाणारा लाकडी पूल मोडला, त्यामुळे आम्ही सगळं किनाऱ्यावरूनच पाहिलं. आमच्याबरोबरच आलेलं एक कुटुंब पाच मिनिटांत परत गेलं. त्यांना दोष देता येणार नाही.

हे स्ट्रोमॅटोलाइट. दगडाच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरांत सायनोबॅक्टेरिया या उजेडावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा चिकट गालिचा असतो. पाण्याबरोबर येणारे बारीक कण त्याला चिकटतात, चुन्याचा साकाही त्यातच बसतो. वर गाळ साचला की उजेड कमी पडतो, म्हणून सूक्ष्मजीव वर सरकतात आणि नवा गालिचा विणतात. खाली राहिलेला थर दगड होतो. वाढ वर्षाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इथून लोकरीचे गठ्ठे जहाजांवर चढवत, त्यासाठी गाड्या थेट पाण्यात उतरत. त्या चाकांनी चिरडलेल्या पट्ट्या अजून भरून आलेल्या नाहीत. ओहोटीला त्या स्पष्ट दिसतात.

असे थरथरांचे जीवाश्म भूशास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते, पण ते घडतात कसे यावर वाद होता. १९५० च्या दशकात इथे तेच दगड जिवंत, वाढताना सापडले. पिलबरा भागात सापडलेले सर्वांत जुने स्ट्रोमॅटोलाइट जवळजवळ ३.५ अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणून हॅमेलिन पूलच्या दगडांना सगळे "जिवंत जीवाश्म" म्हणतात. मला ते नाव पटत नाही. इथला सर्वांत म्हातारा दगड फार तर ३,००० वर्षांचा, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांपेक्षाही लहान. ही खाडी आजच्या रूपात आली तीच मुळी गेल्या काही हजार वर्षांत. जुनी आहे ती फक्त घडवण्याची रीत.

मग ताईने कालचं उत्तर दिलं, आणि आमच्या वादात माझी बाजू एकदम भक्कम झाली.

हॅमेलिन पूलचं पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट आहे. इथे पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पडतो आणि बाष्पीभवन त्याच्या दहापटीच्या आसपास होतं. पण एवढ्याने भागत नाही, कारण समुद्राचं ताजं पाणी आत-बाहेर खेळत राहिलं तर मीठ साचणारच नाही. ते खेळू नये म्हणून खाडीच्या तोंडाशी एक उथळ बांध आहे, त्याचं नाव फॉर सिल. आणि हा बांध घातला आहे गवताने! समुद्रगवताची पाती पाण्याचा वेग मोडतात, वेग मोडला की गाळ खाली बसतो, गवताची मुळं तो धरून ठेवतात. गवतावर राहणारे चुन्याच्या कवचाचे बारीक जीव मेले की त्यांचीही भर पडते. गाळाबरोबर गवत वर येत राहतं. काही हजार वर्षांत आडवा दांडा तयार होतो. दांड्याने पाणी अडतं, अडलेलं पाणी खारट होतं, खारटपणामुळे सूक्ष्मजीवांचे गालिचे कुरतडणाऱ्या गोगलगायी दूर राहतात आणि स्ट्रोमॅटोलाइट वाचतात. ल'हारिडॉन खाडीतल्या कालच्या शिंपल्यांच्या खारट पाण्यामागेही हेच बांध.

थोडक्यात, प्राणी जन्मायच्या आधीच्या जगाचा हा नमुना टिकला तो एका फुलणाऱ्या वनस्पतीमुळे. समुद्रगवत हे खरोखरच फुलझाड आहे, जमिनीवरून समुद्रात परत गेलेलं.

यात एक गंमत अशी की बांधाच्या आत इतकं मीठ झालं की गवताला स्वतःलाच तिथे राहणं जमेना. बाहेरच्या बाजूला हिरवीगार कुरणं आणि आत जवळजवळ काही नाही. आपणच केलेल्या कामामुळे त्याला तिथे मज्जाव झाला. ही गोष्ट मी मनात टिपून ठेवली, पुढे करिजिनी राष्ट्रीय उद्यानात तिचा उपयोग होणार होता.

चौथा दिवस : मंकी मायाची कुरणं

सकाळी बोटीतून गवत पाहायला गेलो. लोक मंकी मायाला डॉल्फिनसाठी येतात, त्यामुळे "आम्हाला गवत दाखवा" म्हटल्यावर बोटवाला जरा हसला. पण माहिती त्याला भरपूर होती. काठाला वाकून पाहिलं की खाली गडद हिरवे फाळके आणि त्यांच्यामध्ये पांढरी वाळू. शार्क बेमध्ये अशी कुरणं ४,००० चौरस किलोमीटरांहून जास्त आहेत आणि त्यांत समुद्रगवताच्या १२ जाती आहेत. त्यातल्या *पॉसिडोनिया ऑस्ट्रॅलिस* या जातीबद्दल २०२२ मध्ये एक शोध जाहीर झाला. ठिकठिकाणचे नमुने तपासल्यावर ती वेगवेगळी झाडं निघालीच नाहीत. सुमारे १८० किलोमीटर पट्ट्यात पसरलेलं ते एकच झाड आहे, किमान ४,५०० वर्षांपूर्वी एका बीपासून सुरू होऊन जमिनीखालच्या खोडाने सरकत गेलेलं. हॅमेलिनचे दगड म्हातारे म्हणून पाहायला जायचं आणि त्याहून म्हाताऱ्या गवतावरून बोट न्यायची, असा इथला प्रकार.

हे गवत ड्युगाँग, म्हणजे समुद्रगायी, खातात. इथे त्यांची संख्या हजारांत आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या कळपांपैकी एक. आम्हाला एकही दिसला नाही. थंडीत, म्हणजे इथल्या ऑगस्टमध्ये, ते खाडीच्या पश्चिमेकडच्या कोमट पाण्यात जातात. ड्युगाँगना आणि हिरव्या कासवांना खाणारा टायगर शार्क मात्र या सगळ्या कारभाराचा न दिसणारा मुकादम आहे. माइक हाइटहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे वर्षानुवर्षं काम करून दाखवलं, की शार्क आसपास असले की ड्युगाँग चांगलं गवत सोडून धोका कमी असलेल्या जागी चरतात. भीतीमुळे चराई विखुरते, त्यामुळे गवत टिकतं, गवतामुळे गाळ आणि गाळामुळे बांध. शार्क आणि स्ट्रोमॅटोलाइट यांचा असा संबंध असेल हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. अर्थात साखळीच्या प्रत्येक कडीचा जोर किती, हे मोजणं सोपं नाही.

ही साखळी तुटूही शकते. २०१०-११ च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावर समुद्री उष्णतेची लाट आली आणि सुमारे १,००० चौरस किलोमीटर कुरणांचं नुकसान झालं. गवत गेलं की त्याने हजारो वर्षं गाळात पुरून ठेवलेला कार्बन उघडा पडतो. त्या एका घटनेने २० ते ९० लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असावा, असा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. तो वायू हवा तापवणार आणि तापलेली हवा पुन्हा गवतावर येणार.

पाचवा दिवस

डेनहॅम ते एक्समथ. कार्नार्व्हन, मग मकरवृत्ताची पाटी, मग वारुळं. नोंदवण्यासारखं दुसरं काही नाही.

सहावा दिवस : निंगलू

निंगलूचं प्रवाळ किनाऱ्याला इतकं खेटून आहे की टर्क्वॉइझ बेला पाण्यात उतरून थोडं पोहलं की आपण प्रवाळावरच. किनारा आणि प्रवाळभिंत यांच्यामधलं शांत पाणी हे प्रवाळांचंच काम, कारण महासागराच्या लाटा बाहेर भिंतीवर फुटतात. पोपटमासे प्रवाळ कुरतडून चुना बारीक वाळूच्या रूपात बाहेर टाकतात, किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत त्यांचाही हातभार आहे. मागची केप रेंजची टेकडीही चुनखडीचीच. तिच्या पायथ्याशी सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीचं प्रवाळ जमिनीवर आलेलं दिसतं. २०२५ च्या सुरुवातीला समुद्र फार तापून इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं. आम्ही पोहलो तिथे काही भाग रंगीत होता आणि काही भाग शेवाळाने मढलेले सांगाडे.

दुपारनंतर यार्डी क्रीकच्या वाटेवर गाडी थांबवली, कारण भिंतीपलीकडे कुबड्या देवमासे उसळत होते. दक्षिण महासागरातून ते हिवाळ्यात इथे येतात. ताईला देवमाशांत रस नाही, पण लोखंडात आहे, म्हणून मी तिला लोखंडाची गोष्ट सांगितली. दक्षिण महासागरात बाकी पोषकद्रव्यं मुबलक असूनही वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, उजेडावर जगणारे सूक्ष्मजीव) हवं तितकं वाढत नाही, कारण पाण्यात लोह फार कमी आहे. तिथे देवमासे लोहाने भरलेलं क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) खातात आणि पृष्ठभागाजवळ शेण टाकतात. २०१० मधल्या एका अभ्यासात त्यातलं लोहाचं प्रमाण आसपासच्या पाण्याच्या सुमारे एक कोटी पट निघालं! म्हणजे देवमासा समुद्राला खत घालतो.

"समुद्रात लोह कमी का, ते मी सांगते," ताई म्हणाली. "पण परवा."

सातवा दिवस : नानुतारामार्गे करिजिनी

सहाशे-साडेसहाशे किलोमीटरची दौड. जमीन तांबडी होत जाते आणि स्पिनिफेक्स गवताचे टोचरे पुंजके सगळीकडे. लांबून मऊ दिसतात, बसून पाहू नये. मधेच पुरुषभर उंचीची वारुळं. या रखरखीत प्रदेशात चरणारे मोठे प्राणी कमी, त्यामुळे वाळलं गवत पुन्हा मातीत घालायचं काम मुख्यतः वाळवीकडे आणि वणव्यांकडे आहे. स्पिनिफेक्सची पाती राळेमुळे भडाभडा पेटतात, आणि आग विझल्यावर बहुधा तेच पुन्हा उगवतं.

आठवा दिवस : डेल्स घळ

कठड्यापाशी उभं राहिलं की खाली तांबडी, पायऱ्यापायऱ्यांची घळ आणि तळाशी पाणी. फॉर्टेस्क्यू धबधब्याकडे उतरताना हात आपोआप भिंतीला लागतो. भिंत म्हणजे पट्टे: गंजाचा तांबडा, लोखंडाचा करडा, गारगोटीचा फिकट, पुन्हा तांबडा. काही पट्टे हातभर, काही केसाइतके. यातले काही बारीक पट्टे शेकडो किलोमीटर दूरच्या खडकात जसेच्या तसे ओळखता येतात. म्हणजे ते एकाच शांत समुद्राच्या तळाशी सर्वदूर एकाच वेळी बसले. वय सुमारे २.५ अब्ज वर्षं.

ताई इथे खरी रंगात आली. पायरीवर बसून तिने तास घेतला आणि एक अनोळखी जोडपंही थांबून ऐकत होतं, भाषा कळत नसताना.

तेव्हाच्या समुद्रात विरघळलेलं लोह भरपूर होतं. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतून ते येत राही आणि पाण्यात ऑक्सिजन नसल्यामुळे विरघळलेलंच राही. ऑक्सिजन मिळाला की लोह गंजतं आणि गंज पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतो. तो ऑक्सिजन सोडला हॅमेलिन पूलच्या त्या काळपट उशांच्या पूर्वजांनी, सायनोबॅक्टेरियांनी. पाणी फोडून हायड्रोजन घ्यायचा आणि ऑक्सिजन टाकून द्यायचा, ही त्यांची युक्ती. काही गंज ऑक्सिजनशिवाय, थेट लोहावर जगणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवांनीही केला असावा, आणि त्यांचा वाटा किती यावर अजून भांडणं आहेत. पण दोन्ही बाजूंनी निष्कर्ष तोच, की हा डोंगर म्हणजे सूक्ष्मजीवांनी गंजवलेला समुद्र आहे.

जोवर समुद्रात लोह होतं तोवर तो ऑक्सिजन गिळत राहिला. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास ऑक्सिजन हवेत साचू लागला. तेव्हाच्या बहुतेक जीवांना तो विषच होता. काही गाळात, चिखलात, जिथे हवा पोचत नाही तिथे दडले आणि अजून तिथेच आहेत. काहींनी विष पचवायला शिकून त्यावरच चूल पेटवली. आपण त्यांचे वंशज. खनिजांचंही तसंच झालं. खनिजशास्त्रज्ञ रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलं की आज ज्ञात असलेल्या खनिजांपैकी सुमारे दोन-तृतीयांश थेट किंवा आडवाटेने जीवसृष्टीमुळे आहेत, आणि त्यांतली फार मोठी संख्या हवेत ऑक्सिजन आल्यानंतरची. भूशास्त्राच्या प्राध्यापिकेने हे स्वतःच्या तोंडाने सांगावं याचं मला सुख झालं. ते मी लपवलं नाही.

"फार खूश होऊ नकोस," ताई म्हणाली. "झरे कुणी केले? लोह कुणी आणलं? तुझ्या जीवांना गंजवायला काहीतरी लागलंच ना!"

आता देवमाशाचं उत्तर. ऑक्सिजन आल्यापासून लोह समुद्रात विरघळून राहतच नाही. लोहाच्या समुद्रात जन्मलेल्या जीवांनी समुद्रातलं लोह संपवलं, आणि त्यांच्याच वंशातलं वनस्पतिप्लवक आज एकेका कणासाठी वाळवंटातून उडत येणाऱ्या धुळीची आणि देवमाशाच्या शेणाची वाट बघतं. हॅमेलिनच्या गवताची गोष्ट हीच होती, फक्त इथे ती अख्ख्या ग्रहाच्या मापाची आहे.

शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९६० च्या दशकात मंगळावरचं जीवन कसं शोधावं यावर विचार करताना एक साधी गोष्ट मांडली. जिवंत ग्रहाची हवा रसायनाच्या हिशेबात बसत नाही, कारण ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र फार काळ टिकत नाहीत. दोन्ही दिसले तर कुणीतरी ते सतत भरत असलं पाहिजे. इथवर मी पूर्ण त्यांच्या बाजूचा. पण पुढे त्या विचाराचं लोकांनी जे केलं, म्हणजे पृथ्वी ही सगळ्यांना सांभाळून घेणारी आई वगैरे, ते डेल्स घळीच्या भिंतीला टेकून म्हणवत नाही. ही भिंत सांभाळून घेतल्याची नाही. जीवांनी केलं, त्यातून जग बदललं, ज्यांना झेपलं ते राहिले.

भिंतीत मधेच निळसर, रेशमासारख्या तंतूंच्या शिरा दिसतात. तो निळा अॅस्बेस्टॉस. त्याला हात लावायचा नाही. जवळच्या विटेनूमला १९६६ पर्यंत त्याच्या खाणी होत्या, त्यात काम केलेले कितीतरी लोक फुप्फुसांच्या रोगांनी गेले आणि आता ते गाव नकाशावरूनही काढलंय. फर्न पूलमध्ये पाय बुडवले, पाणी फार थंड निघालं आणि आम्ही वर आलो.

नववा दिवस : न्यूमन

माउंट व्हेलबॅकची खाण पाहायच्या जागेवरून पाहिली. जीवांनी जमवलेलं लोह आता रेल्वेने बंदरावर जातं. ट्रकची चाकं माणसाच्या दुप्पट उंच. त्यात मन रमलं नाही.

मला उत्सुकता होती न्यूमनच्या आसपासच्या गवताळ माळांवरल्या गोल टकलांची. स्पिनिफेक्सच्या मधे ठरावीक अंतरावर कडक, उघडे गोल. हवेतून घेतलेली छायाचित्रं पाहिली की कुणीतरी आखून काढले असावेत असं वाटतं. २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने मांडलं की पाण्यासाठीच्या चढाओढीतून गवत स्वतःच हे गोल घडवतं. इथल्या मूळ रहिवाशांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. मार्तु लोक त्यांना लिन्यजी म्हणतात: खाली वाळवीचं घर आहे, वरचा पृष्ठभाग बी कुटायला चांगला आणि पावसानंतर तिथे पाणी साचतं. २०२३ मध्ये मार्तु जाणकारांच्या सोबतीने केलेला अभ्यास छापून आला. खणलेल्या गोलांत वाळवीच्या खोल्या सापडल्या आणि भर पावसानंतर त्या कडक फरशीवर पाणी उभं राहिलेलंही दिसलं. वाद मिटलाय असं नाही. पण ज्यांची जमीन आहे त्यांना आधी विचारलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती, असं माझं मत आहे.

दहावा दिवस : मीकाथारा, माउंट मॅग्नेट

दक्षिणेकडे. मुल्गाची झुडपं, मेलेले कांगारू, सरळ रस्ता. मुल्गाच्या फांद्या वर तिरप्या असतात, त्यामुळे पावसाचं पाणी घरंगळून थेट बुंध्याशी येतं. ताईने गाणी लावली, मी झोपलो.

अकरावा दिवस : गव्हाचा पट्टा

पेन्स फाइंड सोडून वुबिनच्या अलीकडे येईतो झाडी संपते आणि एका रेषेपासून गहू सुरू होतो. ऑगस्टमध्ये सगळं हिरवं, मधे कनोलाचे भडक पिवळे चौकोन. ही रेषा माणसाने आखलेली. १९६० च्या दशकात राज्य सरकारचं धोरणच होतं, "वर्षाला दहा लाख एकर" रान साफ करायचं.

मग सखल भागात राखाडी, मेलेली झाडं आणि त्यांच्या बुडाशी पांढरी खपली दिसू लागली. ते मीठ. हे मीठ समुद्राचंच आहे, पण समुद्र इथे कधी आला नाही. वारा-पावसाबरोबर हजारो वर्षं थोडं थोडं येत राहिलं. नीलगिरीसारखी खोल मुळांची झाडं पावसाचं जवळजवळ सगळं पाणी वर ओढून हवेत सोडायची आणि मीठ खाली खोल मातीत राहायचं. गव्हाची मुळं उथळ, तोही वर्षातले काहीच महिने उभा. उरलेलं पाणी खाली झिरपलं, भूजल वर चढलं आणि येताना जुनं मीठ घेऊन आलं. राज्याच्या नैर्ऋत्य भागात दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन अशी खराब झाली आहे.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं डब्ल्यू. ई. वूड नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने, कारण वाफेच्या इंजिनांना गोडं पाणी लागतं आणि भोवतालची झाडं मारली की ओढ्यांचं पाणी खारट होतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याचा निबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. "दहा लाख एकर"वाल्यांनी तो वाचला नसेल असं नाही. वाचून बाजूला ठेवला असेल, हे मला जास्त शक्य वाटतं.

आणखी एक भानगड आकाशात आहे. ससे अडवायला १९०१ ते १९०७ दरम्यान इथे तीन कुंपणं घातली गेली, त्यातलं पहिलं १,८०० किलोमीटरांहून लांब. काही भागांत कुंपणाच्या एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला मूळ रान राहिलं. उपग्रहाच्या चित्रांत दिसलं की उन्हाळ्यात ढग बऱ्याचदा रानाच्या बाजूला तयार होतात आणि कुंपणापाशी थांबतात. टॉम लायन्स, उदयशंकर नायर वगैरे संशोधकांनी विमानं उडवून मोजमाप केलं. रान गडद असतं, ऊन जास्त शोषतं, त्याचा माथा खडबडीत, त्यामुळे गरम हवा जोराने वर जाते. कापणीनंतरची फिकट शेतं ऊन परत फेकतात. नैर्ऋत्य भागातला पाऊस १९७० च्या दशकापासून घटलाय. त्यामागे मुख्यतः वातावरणातले मोठे फेरबदल आहेत, झाडं तोडल्याचा त्यात वाटा किती यावर अजून एकमत नाही.

डालवालिनूच्या पुढे गाडी थांबवून मी ढग शोधायला उतरलो. पश्चिमेकडून थंडीचा एकसंध करडा पट्टा आला होता आणि त्याला रान-शेत काही फरक पडत नव्हता.

"उन्हाळ्यात ये," ताई गाडीतून म्हणाली. "आणि तेव्हा तू चालव."

वुबिन ते न्यू नॉर्सियाच्या वाटेवर काही शेतकऱ्यांनी गव्हाच्या मधून मॅली नीलगिरीच्या रांगा लावल्या आहेत, दोन-दोन ओळी, मधे यंत्र जाईल एवढी जागा. या रांगा खालचं पाणी किती ओढतील हे त्या किती दाट आहेत यावर, आणि शेतकरी त्यासाठी किती गहू सोडायला तयार आहे यावर ठरतं. एका रांगेच्या कडेला खारी खपली होती, दुसऱ्या कडेला गहू गुडघ्यापर्यंत आला होता. पर्थला पोचेतो पाऊस लागला.